गीतरत्नावर पांघरूण घातलं कुणी?

एक मजकूर मराठी व्हॉट्सॲप गटांतून पुन्हापुन्हा फिरतो. त्याचा गोषवारा असा: बायबलमधलं ‘गीतरत्न’ हे निव्वळ शृंगारिक काव्य आहे, त्यात देवाचं नावसुद्धा नाही. ते धर्मग्रंथात शिरलं तेव्हा रब्बी, म्हणजे ज्यू धर्मपंडित, ओशाळले आणि मध्ययुगात त्यांनी ‘देव नवरा, इस्राएल नवरी’ असा गूढ अर्थ त्यावर पांघरला. पुढे कबाला या ज्यू गूढवादी परंपरेतल्या लोकांनी दडपलेली देवपत्नी मागच्या दाराने परत आणली. आणि शेवटी काय, तर ही आपली मधुरा भक्तीच! मजकूर चटकदार आहे, ठसक्यात लिहिलाय, म्हणून पटतो. आता एकेक विधान घेऊ.

देवाचं नाव नाही, हे जवळपास बरोबर. आठव्या अध्यायात प्रेमाच्या ज्वाळेसाठी आलेल्या शब्दाच्या शेवटी ‘याह’ हे देवनामाचं लघुरूप असल्याचं काही जण म्हणतात, पण तेवढ्यावर इमला रचण्यात अर्थ नाही. हा मुद्दा त्यांना देऊन टाकू.

‘मध्ययुगात रचलेला अर्थ’ हे मात्र साफ चूक. लग्नाचं रूपक गीतरत्नासाठी कुणी शोधून काढलेलं नाही, ते आधीपासून संदेष्ट्यांच्या तोंडी आहे. इ.स.पू. आठव्या शतकात उत्तरेच्या इस्राएल राज्यात होशेय हा संदेष्टा बोलतो तेच मुळी फसवणूक झालेल्या नवऱ्याच्या आवाजात: बायको, म्हणजे इस्राएल, परक्यांमागे गेली, मी तिला रानात नेईन, तिची समजूत घालीन, पुन्हा वाङ्निश्चय करीन, कायमचा. यिर्मयाचा देव तिच्या तरुणपणाची आठवण काढतो, ती रानातून त्याच्या मागे चालत आली ते दिवस. यशयाच्या ५४व्या अध्यायात टाकलेल्या बायकोला परत बोलावणं आहे. होशेयच्या वाङ्निश्चयाच्या ओळी धार्मिक ज्यू पुरुष आजही सकाळी तेफिलिनचा, म्हणजे प्रार्थनेवेळी बांधायच्या वचनपेटीचा, पट्टा बोटाभोवती गुंडाळताना म्हणतो.

गीतरत्नाचं काय? मिश्ना या ज्यू धर्मनियमांच्या ग्रंथाचं संकलन साधारण इ.स. २००चं. तिथे ‘तानीत’ या प्रकरणाच्या शेवटी गीतरत्नातली शलमोन राजाच्या लग्नदिवसाची ओळ घेऊन सांगितलंय: लग्नाचा दिवस म्हणजे सीनाय पर्वतावर तोरा, म्हणजे देवाचं नियमशास्त्र, मिळाली तो दिवस, मनाच्या आनंदाचा दिवस म्हणजे मंदिर बांधलं तो. ही ओळ तिथे कुठून आली ते पाहण्यासारखं आहे. त्याच परिच्छेदात वर्णन आहे की आब या ज्यू महिन्याच्या १५ तारखेला आणि योम किप्पुर या प्रायश्चित्ताच्या दिवशी यरुशलेमच्या मुली पांढरे कपडे घालून द्राक्षमळ्यांत नाचायच्या. कपडे सगळ्यांचे उसने, ज्यांच्याकडे नाहीत त्यांना ओशाळं वाटू नये म्हणून. आणि त्या तरुणांना म्हणायच्या, डोळे वर कर, पोरा, कुणाला निवडतोयस ते बघ. लग्नाळू पोरींचा नाच आणि सीनायवरचं लग्न एकाच दमात सांगणाऱ्या माणसांना शरीराची लाज वाटत होती, असं मानायचं तर ती त्यांनी फारच विचित्र जागी दडवली म्हणायची.

लाजेचा मुद्दा रब्बी अकिवावरून घेतलेला दिसतो. गीतरत्नाच्या पावित्र्यावर वाद झाल्याची नोंद मिश्नात आहे, हे खरं. पण त्याच वादात बायबलमधलं ‘उपदेशक’ हे पुस्तकही होतं, आणि त्यात शृंगाराचा मागमूस नाही. अकिवाने उत्तर दिलं की सगळी पवित्र लेखनं पवित्र, पण गीतरत्न परमपवित्र. ते इस्राएलला मिळालं त्या दिवसाची सर सगळ्या जगाला नाही. मेजवानीच्या घरात गीतरत्न आळवणाऱ्याला परलोकात वाटा नाही, असंही त्याचं म्हणणं नोंदलं आहे. म्हणजे लोक ते मैफिलीत गात होते आणि त्यातलं प्रेम त्यांना कळत होतं. अकिवाला खटकला तो मैफिलीतला वापर. लपवायचंच असतं तर पुस्तक वगळणं सोपं होतं.

तिसऱ्या शतकातला ख्रिस्ती भाष्यकार ऑरिगेन लिहितो की ज्यू लोक चार गोष्टी पक्व वयाखेरीज शिकवत नाहीत: उत्पत्तीची सुरुवात, यहेज्केलची सुरुवात, यहेज्केलचा शेवट आणि गीतरत्न. सृष्टीची निर्मिती, देवाचा रथ, भावी मंदिर यांच्या पंगतीत गीतरत्न बसतं ते अश्लील म्हणून नव्हे, झेपायला अवघड म्हणून.

‘गूढ अर्थाने शरीर झाकलं’ हेही तपासून टिकत नाही. १२व्या शतकातल्या इब्न एझ्रा या ज्यू भाष्यकाराने गीतरत्नावर तीनदा भाष्य केलं: आधी शब्दांवर, मग मुलगी आणि मेंढपाळ यांच्या प्रेमकथेवर, आणि शेवटी देव-इस्राएल या अर्थावर. ज्यू धर्मपंडित मैमोनिदीज (११३८–१२०४) तर गूढवादी नव्हेच, पेशाने वैद्य, बुद्धिवादी. त्याच्या कायद्याच्या ग्रंथात लिहिलंय की देवावरचं प्रेम कसं असावं, तर स्त्रीच्या प्रेमाने आजारी पडलेल्या माणसासारखं. उठता-बसता, खाता-पिता तीच डोक्यात. आणि सगळं गीतरत्न या स्थितीचा दृष्टांत आहे. दृष्टांताला बळ येतं ते खऱ्या प्रेमज्वरातून. ज्याला तो ठाऊक नाही, त्याला दृष्टांत कळणारच नाही.

कबालात हे आणखी ठळक होतं. १३व्या शतकात स्पेनमधल्या ‘जोहार’ या कबालाच्या मुख्य ग्रंथात लग्न देवाच्या आतच आहे: त्याचं पुरुषरूप आणि शेखिना, म्हणजे जगात वसणारं त्याचं सान्निध्य, यांचं. शुक्रवारची रात्र त्यांच्या मीलनाची, आणि नवरा-बायकोच्या मीलनालाही तीच रात्र योग्य. विद्वानांसाठी ही रात्र तल्मूदने, म्हणजे मिश्नावरच्या चर्चांच्या ग्रंथाने, आधीच सांगून ठेवली होती. १६व्या शतकात गालीलातल्या सफेद या गावात श्लोमो अल्काबेत्झने ‘लेखा दोदी’ लिहिलं: चल प्रियकरा, नवरीला सामोरं जाऊ. नवरी म्हणजे शब्बाथ, शनिवारचा विश्रांतीचा दिवस. शेवटच्या कडव्याला लोक दाराकडे वळतात. मुंबई-ठाण्याच्या सिनेगॉगांत हे गीत गाणारे बेने इस्राएल म्हणजे शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून कोकणात ‘शनिवार तेली’ म्हटले गेलेल्यांचे वंशज.

देवपत्नीचा मुद्दा झटपट आटपू. सीनाय वाळवंटातल्या ‘कुंतिलेत अजरूद’ इथे १९७५–७६च्या उत्खननात मोठ्या रांजणांवर ‘याहवे आणि त्याची अशेरा’ असा मजकूर सापडला; याहवे म्हणजे इस्राएलचा देव. तो सुमारे इ.स.पू. ८००चा. तिथली अशेरा देवी की पूजेचा खांब, यावर अभ्यासकांत वाद आहे. देवी मानली तरी ती आणि जोहार यांच्यात दोन हजार वर्षं आहेत, आणि मधल्या काळात संदेष्ट्यांची नवरी देवी नाही, एक जनसमूह आहे. मागचं दार दाखवायचं तर ही दोन हजार वर्षं ओलांडणारा रस्ताही दाखवावा लागेल.

मधुरा भक्तीशी साम्य आहे, नाही कसं? ज्ञानदेवांची विरहिणी ऐकलेल्याला गीतरत्नातली रात्री रस्तोरस्ती शोधत फिरणारी मुलगी परकी वाटणार नाही. पण विरहिणी एकटी असते, आणि तिच्या हातात कागद नसतो. संदेष्ट्यांचं लग्न हा करार आहे, मोडला तर कायदा लागतो. यिर्मयाच्या तिसऱ्या अध्यायात देवाने उत्तरेच्या राज्याला सोडचिठ्ठी दिल्याचा उल्लेख आहे. बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकातला नियम असा की सोडलेली बायको दुसऱ्याची झाली तर पहिल्या नवऱ्याने तिला परत घ्यायचं नाही. यिर्मया हा नियम उच्चारतो आणि लगेच देवाच्या तोंडून म्हणतो, तरी परत ये. देव इथे स्वतःचाच कायदा मोडायला निघाला आहे.

या रूपकावर बोट ठेवायचंच असेल तर जागा आहे, पण ती गीतरत्नात नाही. यहेज्केलच्या १६व्या अध्यायात टाकलेलं तान्हं बाळ देव उचलतो, वाढवतो, नटवतो, वरतो. आणि ती बदफैली ठरल्यावर तिच्या यारांसमोर तिला उघडी करून दगडांनी मारायला लावतो. हा अध्याय सिनेगॉगमध्ये वाचू नये, असं रब्बी एलिएझरचं मत मिश्नात आहे; ते पुढे मानलं गेलं नाही. व्हायरल मजकुरात या अध्यायाचा उल्लेख एकदाही नाही.