वूंड मेडलचा तो फॉरवर्ड, आणि त्यातलं अर्धं खरं

माजी सैनिकांच्या ग्रुपांवर एक मजकूर वर्षातून दोन-तीनदा तरी फिरतो. मथळा दर वेळी वेगळा असतो, मजकूर तोच. थोडक्यात तो असा: "लढाईत जखमी झालेल्या प्रत्येक जवानाला पराक्रम पदक आपोआप मिळतं. डिस्चार्ज बुकात त्याची नोंद नसेल तर सरकारच्या लेखी तुम्ही जखमी झालाच नाहीत. पंचवीस वर्षांनी रेकॉर्ड ऑफिस सगळे कागद जाळतं. सहा महिन्यांत दावा केला नाही तर हक्क संपला. पदक असेल तर वॉर इंज्युरी पेन्शन लगेच चालू होते. नोंद करून घ्यायची असेल तर खालच्या नंबरवर संपर्क साधा."

माझी फौजेतली नोकरी क्लार्कची. गोळीपेक्षा शाई जास्त वापरली. त्यामुळे हा मजकूर वाचला की हात शिवशिवतात. यातलं एकही वाक्य पूर्ण खरं नाही, पण बहुतेक वाक्यांत खऱ्याचा एक तुकडा आहे, आणि माणसं फसतात ती त्या तुकड्यामुळे.

"आपोआप" या शब्दापासून सुरुवात करू. पराक्रम पदक, ज्याला आपण सगळे वूंड मेडल म्हणतो, त्यासाठी कुणी शौर्याची शिफारस करावी लागत नाही, एवढं खरं. शत्रूच्या थेट कृतीतून जखम झाली असेल तर तो हक्क आहे, मेहेरबानी नाही. पण हक्क असला तरी तो कागदावरून चालत यावा लागतो. जवान जखमी झाला की पलटणीकडून कॅज्युअल्टी रिपोर्ट निघतो. त्यावरून पार्ट टू ऑर्डर (जवानाच्या नोंदीतला बदल कळवणारा लेखी आदेश) छापली जाते. ती रेकॉर्ड ऑफिसात, म्हणजे जवानांचे सेवेचे कागद सांभाळणाऱ्या कार्यालयात पोचते, शीट रोलवर (त्याच्या सेवेच्या नोंदपत्रकावर) चढते आणि मग पदकाचा क्लेम पुढे जातो. यातली एक कडी निसटली की पुढचं सगळं थांबतं.

लढाईत ती कडी निसटते कशी, हे समजून घेणं अवघड नाही. डिसेंबर १९७१ मध्ये जमालपूरच्या वेढ्यात १ मराठा लाइट इन्फंट्री, आपली जंगी पलटण, लढत होती. असा कुणी जवान जखमी झाला की तो आधी रेजिमेंटल एड पोस्टला जातो, तिथून ड्रेसिंग स्टेशन, मग फील्ड हॉस्पिटल, आणि जखम मोठी असेल तर थेट पुण्याच्या कमांड हॉस्पिटलपर्यंत. दरम्यान पलटण पुढे सरकलेली असते. बरा झालेला जवान कित्येकदा पलटणीत परत न जाता रेजिमेंटच्या सेंटरवर रिपोर्ट करतो, तिथून दुसऱ्याच युनिटला पोस्टिंग होतं. जुन्या पलटणीला वाटतं, हॉस्पिटल कळवेल. हॉस्पिटलला वाटतं, पलटणीने कळवलंच असेल. नव्या युनिटच्या क्लार्कला तर हा माणूस कुठे, कधी जखमी झाला हेच माहीत नसतं. यात कुणाचा कट नसतो. पार्ट टू ऑर्डर तेवढी निघत नाही, आणि जवान शिकलेला नसला किंवा नको तेवढा भिडस्त असला की वीस वर्षं कुणाला पत्ता लागत नाही.

म्हणून "नोंद नाही म्हणजे जखम नाही" हा फॉरवर्डमधला सगळ्यात वाईट दावा. डिस्चार्ज बुक हा सेवेचा सारांश आहे. तो निवृत्तीच्या वेळी कुणीतरी समोरच्या शीट रोलवरून उतरवलेला असतो. शीट रोलवर नाही ते त्यात येणार नाही, आणि शीट रोलवर आहे तेही कधी कधी गळतं. जखमेचा पुरावा इतर चार ठिकाणी असू शकतो: हॉस्पिटलचं ॲडमिशन-डिस्चार्ज बुक, मेडिकल बोर्डाचे कागद, मेडिकल कॅटेगरी (प्रकृतीचा दर्जा) खाली आल्याची पार्ट टू ऑर्डर, कृत्रिम पाय किंवा हात बसवला असेल तर पुण्याच्या कृत्रिम अवयव केंद्रातली केस. कॅटेगरी का घसरली याचं कारण कुठेतरी लिहिलेलं असतंच. निरोगी माणसाची कॅटेगरी उगाच कुणी उतरवत नाही. आणि शरीर आहेच. सांगलीचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्यांनी जखमी झाले, १९७२ मध्ये हायडेलबर्गला पॅरालिम्पिकचं सुवर्णपदक जिंकून आले. त्यांच्या पाठीच्या कण्यात एक गोळी तशीच राहिल्याचं सर्वांना ठाऊक आहे. आजचा एक्स-रे तारीख सांगत नाही, पण हाडाजवळ बसलेला छर्रा मोटारसायकलवरून पडून येत नाही, एवढं कुठल्याही डॉक्टरला कळतं.

आता मूळ गोंधळाकडे येतो, कारण बाकीच्या चुका यातूनच फुटतात. लढाईतल्या एका जखमेची कागदावर तीन वेगळी खाती असतात. पहिलं बॅटल कॅज्युअल्टीचं (लढाईच्या कामात जखमी झाल्याच्या नोंदीचं), दुसरं वूंड मेडलचं, तिसरं वॉर इंज्युरी पेन्शनचं (युद्धातल्या अपंगत्वाच्या पेन्शनचं). तिन्हींचे निकष वेगळे, तिन्ही ठिकाणी निर्णय घेणारे वेगळे. एका खात्यात नाव आहे म्हणून दुसऱ्यात असेलच असं नाही.

ऑपरेशन पराक्रमचं उदाहरण घ्या. संसदेवरच्या हल्ल्यानंतर २००१-०२ मध्ये सीमेवर मैलोन्‌मैल सुरुंग पेरले गेले. ते पेरताना आणि नंतर काढताना आपलेच कित्येक जवान जायबंदी झाले. ही जखम बॅटल कॅज्युअल्टीत बसते. संरक्षण मंत्रालयाच्या ३१ जानेवारी २००१ च्या पत्रात वॉर इंज्युरीच्या ज्या परिस्थिती दिल्या आहेत, त्यांत ऑपरेशनसाठी सुरुंग पेरताना अपघाताने झालेला स्फोट स्पष्ट शब्दांत आहे. म्हणजे पेन्शनचा दावा भक्कम. पण वूंड मेडलला शत्रूची थेट कृती लागते, आणि स्वतःच्या सुरुंगाचा अपघात ती अट पुरी करत नाही. सीमेवरच्या बर्फातल्या हिमदंशाचंही तसंच: बॅटल कॅज्युअल्टी म्हणून मान्य होऊ शकतो, पदकात नाही. (नावाने आणखी घोळ होतो. ऑपरेशन पराक्रमचं वेगळं मेडल आहे आणि ते त्या तैनातीतल्या सगळ्यांसाठी. छातीवर ते आहे म्हणजे पराक्रम पदक मिळालं असं समजून बसलेले लोक मी पाहिले आहेत.)

"पदक आलं की पेन्शन चालू" हा दावा इथेच मोडतो. पदकाने पेन्शन ठरत नाही. पेन्शनसाठी मेडिकल बोर्डाने अपंगत्वाची टक्केवारी ठरवावी लागते आणि ते अपंगत्व वॉर इंज्युरीच्या वर्गात बसावं लागतं. पण फरक किती मोठा आहे हे एकदा आकड्यात बघा. समजा, जखमेमुळे इनव्हॅलिड आउट झालेल्या (अपंगत्वामुळे सेवेतून सोडलेल्या) जवानाचं शेवटचं वेतन ३०,००० रुपये आणि बोर्डाने ठरवलेलं अपंगत्व ४० टक्के. ब्रॉड बँडिंगमध्ये (टक्केवारी ठरलेल्या टप्प्यापर्यंत वर नेण्याच्या पद्धतीत) ते ५० टक्के धरलं जातं. साधा डिसॅबिलिटी एलिमेंट (पेन्शनमधला अपंगत्वाचा भाग) १०० टक्के अपंगत्वाला वेतनाच्या ३० टक्के, म्हणजे इथे महिना ४,५०० रुपये. वॉर इंज्युरी एलिमेंट १०० टक्के अपंगत्वाला पूर्ण वेतनाइतका, म्हणजे १५,००० रुपये. जखम तीच, टक्केवारी तीच, फक्त कागदावरचा वर्ग वेगळा. हे दर सगळ्यांना सारखे लागत नाहीत, सेवा कधी सुटली यावर ते ठरतात. १९७१ च्या जखमींसाठी २४ फेब्रुवारी १९७२ चे वेगळे आदेश आहेत, त्यांचा हिशेब त्यावरून सुरू होतो. त्यामुळे कुणाच्या तरी पीपीओवरचा (पेन्शन मंजुरीच्या आदेशावरचा) आकडा पाहून आपला दावा मांडू नये.

म्हणूनच मी सांगतो, पदकासाठी भांडताना आधी बघा, कॅज्युअल्टीची नोंद कुठल्या वर्गात झाली आहे. कित्येकदा पदक राहिलेलं असतं ते मूळ नोंद "फिजिकल कॅज्युअल्टी" (लढाईशी संबंध नसलेली दुखापत) अशी झाल्यामुळे, आणि पेन्शनही त्याच कारणाने कमी लागलेली असते. ती नोंद दुरुस्त झाली की दोन्ही दारं उघडतात. नुसत्या पदकाचा अर्ज केला तर एकच.

कागद जाळण्याचा दावा. खऱ्याचा तुकडा असा, की सैन्याच्या रेग्युलेशन्समध्ये परिच्छेद ५९५ आहे आणि त्यानुसार ज्यांना पेन्शन नाही त्यांचे सेवेचे कागद पंचवीस वर्षांनी नष्ट करता येतात. पेन्शनधारकाचे कागद याहून जास्त काळ ठेवले जातात. लाँग रोल (भरती झालेल्यांची कायमची नोंदवही) तर नष्ट करतच नाहीत. पेन्शनची फाइल प्रयागराजच्या पीसीडीए, म्हणजे पेन्शन मंजूर करणाऱ्या कार्यालयात वेगळी असते. म्हणजे पेन्शनवर असलेल्या माणसाला कुणी "तुमचे कागद जळाले" म्हणाला तर त्याच्याकडून लेखी घ्या: कोणते कागद, कोणत्या तारखेला, कोणत्या आदेशाने नष्ट केले. हा प्रश्न लेखी गेला की पुष्कळदा "जळालेली" फाइल सापडते.

आणि पलटणीची वॉर डायरी विसरू नका. युद्धकाळात प्रत्येक युनिट ती रोज लिहितं. त्यात बहुधा जवानाचं नाव नसतं, पण अमुक रात्री अमुक ठिकाणी तोफमारा झाला, इतके जखमी, असं असतं. या डायऱ्या संरक्षण मंत्रालयाच्या इतिहास विभागाकडे सोपवायच्या असतात, आणि जून २०२१ च्या धोरणानुसार असे कागद साधारण पंचवीस वर्षांत खुले व्हायला हवेत. हॉस्पिटलच्या चिठ्ठीवरची तारीख आणि डायरीतला तोफमारा जुळला, की तुमचं म्हणणं आणि सरकारचा कागद शेजारी शेजारी बसतात. माहितीचा अधिकार इथे कामाला येतो. सैन्यदलं त्या कायद्याच्या बाहेर नाहीत. दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर, तीस दिवसांत उत्तर, नाहीतर पहिलं अपील. (बीएसएफ, सीआरपीएफवाल्यांना मात्र ही सोय नाही, त्या दलांना कायद्यात सूट आहे.)

सहा महिन्यांबद्दल मी फॉरवर्डला निम्मे गुण देईन. २००७ च्या सशस्त्र सेना न्यायाधिकरण कायद्यात सहा महिन्यांची मुदत आहे, पण ती रिटायरमेंटपासून नव्हे, अंतिम आदेशापासून. अर्जाला उत्तरच आलं नाही तर सहा महिने वाट पाहायची आणि पुढच्या सहा महिन्यांत जायचं. सबळ कारण असेल तर उशीर माफ करण्याचा अधिकार न्यायाधिकरणाला आहे. पेन्शन दर महिन्याला कमी मिळते, म्हणून तो चालू राहणारा अन्याय धरला जातो. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये तरसेम सिंग प्रकरणात हे सांगितलं, पण त्याबरोबर थकबाकी साधारण तीन वर्षांपुरती मर्यादित केली. म्हणजे हक्क जात नाही, मागचे पैसे जातात. नुसत्या पदकाच्या नोंदीला हा "दर महिन्याचा" आधार नाही. तिथे चाळीस वर्षं का थांबलात याचं उत्तर द्यावं लागतं, म्हणून उशीर करण्यात शहाणपण नाही.

न्यायाधिकरणाआधी रेकॉर्ड ऑफिसचा दरवाजा ठोठावावाच लागतो. तोफखान्याचं नाशिक रोडला, मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, महार रेजिमेंटचं सागरला. पहिल्या अर्जात पदक मागूच नका. कॅज्युअल्टी रिपोर्ट, पार्ट टू ऑर्डर आणि मेडिकल कागदांच्या प्रती मागा. पार्ट टू ऑर्डर निघालेली असेल आणि पदक तेवढं राहिलं असेल, तर काम सोपं आहे. ऑर्डर निघालीच नसेल तर लांबचा रस्ता. रेकॉर्ड ऑफिस ती स्वतःच्या मनाने छापू शकत नाही, पलटणीकडून पडताळणी लागते. जवान हयात नसेल तर त्याची पत्नी किंवा वारस हाच अर्ज करू शकतात. उत्तर नकाराचं आलं तर साताऱ्याच्या माणसाला कर्नाटकासाठीच्या कोचीच्या खंडपीठात जायची गरज नाही, बेळगावचं रेकॉर्ड ऑफिस कर्नाटकात असलं तरी. निवृत्त माणूस जिथे राहतो तिथल्या खंडपीठात अर्ज करू शकतो, म्हणजे महाराष्ट्र-गोव्याच्या लोकांना मुंबई.

राहिला "खालचा नंबर". हे एजंट बहुतेक वेळा दोन साथीदारांची प्रतिज्ञापत्रं तयार करून देतात. साथीदाराची साक्ष उपयोगी असते, पण कागदाच्या जोडीला. एकटी ती फार चालत नाही. आणि हे लोक एकच मसुदा दहा जणांना विकतात. तेच वाक्य, तोच "तुफान गोळीबार", फक्त नाव-नंबर बदललेला. रेकॉर्ड ऑफिसातला क्लार्क त्या दिवसाची पलटणीची हजेरी काढतो, आणि साक्षीदार तेव्हा वार्षिक रजेवर गावी होता असं निघालं की खरा जखमी माणूसही खोटा ठरतो. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात असा अर्ज लिहून देण्याचे पैसे पडत नाहीत. जाताना डिस्चार्ज बुक, पीपीओ आणि हॉस्पिटलची जी काही जुनी चिठ्ठी असेल ती न्या. फाटकी असली तरी चालते. लॅमिनेट मात्र करू नका, मागचा शिक्का वाचता येत नाही.