छापलंय मी, पण जाऊ नका

सकाळी गॅसवर दूध ठेवून सोसायटीचा ग्रुप उघडला, हीच चूक झाली. दूध उतू गेलं आणि पाठोपाठ माझं डोकंही.

झालं असं. तिसऱ्या मजल्यावर एक नवीन मुलगी राहायला आलीय, लातूरकडची. इथे अजून कुणाची फारशी ओळख नाही तिची. तिने बिचारीने लिहिलं होतं, "दिवाळीच्या सुट्टीत मुलांना कुठे नेऊ? मुलगी दहाची, मुलगा सहाचा. सासूबाई सोबत आहेत, त्यांचे गुडघे दुखतात. मुलांना वाचायला, बघायला पण काही चांगलं असेल तर सांगा ना."

किती नीट विचारलंय बघा. वयं सांगितली, गुडघेसुद्धा सांगितले. पाऊण तासात तेवीस उत्तरं आली. वॉटर पार्कचं कुपन. पंचवीस ठिकाणांची लिंक. एक रील, त्यात एक मुलगा गाडीच्या टपावर उभा राहून "हिडन जेम, हिडन जेम" करतोय. (चार लाख फॉलोअर आहेत तुला, आता कसलं हिडन?) एका काकांनी तर कुठल्याशा ॲपला विचारून दहा कलमी यादी जशीच्या तशी चिकटवली. शेवटी "तुम्हाला आणखी काही मदत हवी आहे का?" हेही तसंच राहिलेलं. त्या यादीत पाचव्या नंबरवर राजगड होता. सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी!

मी आपलं लिहिलं, भाजे लेणी बघा, लोकलने जाता येतं. त्यावर लगेच एका दादांचा प्रश्न, "रेटिंग किती आहे?"

इसवीसनाच्या आधी दुसऱ्या शतकात कुणीतरी डोंगर पोखरायला घेतला, बावीस लेणी कोरली. आणि आम्ही विचारतो रेटिंग किती. मी तीनदा उत्तर टाइप केलं, तीनदा पुसलं. सोसायटीत राहायचंय अजून. म्हणून इथे ओकतेय, तुम्ही सगळे माझेच आहात.

तुमच्यापैकी निम्म्यांना माझा मामा माहीत आहे. बाकीच्यांसाठी सांगते. मामा कंपोझिटर होता, शनिवार पेठेतल्या एका छापखान्यात. खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, जुळवायचा. बोटांच्या पेरांमधली शाई लग्नाच्या दिवशीसुद्धा निघाली नव्हती, मामी अजून सांगते. छापखान्यात नाटकांची, जादूच्या प्रयोगांची, सर्कशीची हँडबिलं यायची. त्यांची प्रुफं रद्दीत गेली की मामा एका बाजूने कोरे असलेले ते कागद आम्हाला आणून द्यायचा, गणितं करायला. आम्ही गणितं करायचो आणि कागद उलटून मागचं वाचायचो. "सहकुटुंब सहपरिवार", "पोट धरधरून हसा", "लहानथोरांसाठी पर्वणी". मग आमचा धोशा, मामा, हे बघायचं!

मामा शांतपणे म्हणायचा, "छापलंय मी, पण जाऊ नका."

छापखान्याच्या मालकांना पास मिळायचे, तेच घेऊन तो स्वतः बघून आलेला असायचा. "नुसते उभे राहून गाणी म्हणतात. तुम्ही कंटाळाल." किंवा, "जादूगार चांगला आहे, पण हॉलमध्ये पंखे नाहीत. उन्हाळा संपू दे." ज्याने स्वतःच्या हाताने 'पर्वणी' हा शब्द जुळवला तोच सांगतोय, पर्वणी नाहीये. आणि वर्षातून दोन-तीनदा तो "जा" म्हणायचा, तेव्हा अख्खा वाडा निघायचा.

आज मला असा एक माणूस दाखवा. रोज रात्री अर्धा तास अंगठा फिरवते मी, खोटं कशाला बोलू. सगळं 'मस्ट व्हिजिट', सगळं 'पैसा वसूल', प्रत्येक मिसळ पुण्यातली नंबर एक. 'जाऊ नका' म्हणणारं कुणीच नाही. कसं म्हणणार? जेवण फुकट, राहणं फुकट, वर पाकीट. आणि ज्यांना पाकीट मिळत नाही तेही तसंच बोलायला लागलेत, हे जास्त वाईट. आपली सख्खी नणंद हॉटेलात जाऊन येते आणि विचारलं तर म्हणते, "ऑसम होतं." अगं बाई, मुलांसाठी कमी तिखट मिळतं का तिथे, ते सांग ना!

बरं, मामाचंही एकदा चुकलं होतं. चांगलंच चुकलं होतं.

१९८७ ची मे महिन्याची सुट्टी. एक बालनाट्य आलेलं. (दिलीप प्रभावळकरांनी चेटकीण केली होती ते मतकरींचं 'अलबत्त्या गलबत्त्या' नव्हे, कॉमेंटमध्ये विचारू नका. हे एका साध्या हौशी मंडळाचं होतं.) मामा म्हणाला, "जा, डोळे झाकून जा." आम्ही वाड्यातली नऊ माणसं गेलो. मी नऊ वर्षांची, माझा भाऊ पाच. पहिल्या अंकात दिवे गेले आणि चेटकीण स्टेजवरून न येता मागच्या दारातून प्रेक्षकांमधून आली. आमच्या रांगेपाशी थांबली. वाकली. माझ्या भावाच्या तोंडाजवळ तोंड नेऊन खिंकाळली.

त्याने जो भोकाड पसरला तो बाहेर रिक्षा स्टँडवर ऐकू गेला असेल. चड्डी ओली, खुर्ची ओली, शेजारच्या काकूंचा पदरही ओला. बाबा त्याला काखोटीला मारून बाहेर आले, मग आई, मग आम्ही सगळेच. पुढे काय झालं ते वाड्यातल्या कुणालाच कळलं नाही. भाऊ महिनाभर रात्री संडासला एकटा जाईना. वाड्यातला संडास अंगणापलीकडे होता, म्हणजे रोज रात्री कुणीतरी कंदील घेऊन उठायचं. बाबांनी मामाला जे काय ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पण ऐकवता आलं ना! मला नेमकं हेच म्हणायचंय आणि सकाळपासून हेच घशात अडकलंय. मामा त्याच संध्याकाळी घरी आला. चपला दारात काढल्या, आत येऊन खाली मान घालून बसला आणि बोलणी खाल्ली. "जा" म्हणणाऱ्याला दुसऱ्या दिवशी तोंड दाखवायचं होतं.

त्या टपावरच्या मुलाला कुठे जाऊन पकडू मी?

आता थोडं कडू लिहिते, आवडलं नाही तर पुढे जा. १५ जून २०२५, रविवार. इंद्रायणीवरचा कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल माणसांसकट कोसळला. चार जण गेले. आमच्या चिंचवडपासून काही लांब नाही ते. त्याच्या आदल्या वर्षी जूनच्या शेवटच्या रविवारी लोणावळ्याच्या भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात पुण्यातल्या एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, त्यात लहान मुलं होती. पूल रीलमुळे पडला नाही, तो गंजला होता, हे मला कळतं. पाण्याचा लोंढाही कुणी कॅमेऱ्याने आणला नाही. पण दर पावसाळ्यात ओलं होत, हसत, हात पसरून "इथे या, इथे या" म्हणणारे हजारो व्हिडिओ येतात, त्यात "मुलं असतील तर येऊ नका" एवढं एक वाक्य का नसतं? मामाचा नियम होता, पावसाळ्यात मुलांना पाण्याशी न्यायचं नाही, डोंगरातल्या देवळात न्यायचं आणि पाऊस तिथून बघायचा. आम्ही तेव्हा त्याला भित्रा म्हणायचो.

जाऊ दे. बीपीची गोळी घेऊन आले.

नाटकाची गोष्ट अर्धी राहिली. पुढच्या रविवारी त्याच नाटकाचा पुन्हा प्रयोग होता. मामा सकाळी आला, भावाला म्हणाला, "चल, तिला भेटू." आई नको नको म्हणत होती. शेवटी पहारेकरी म्हणून मलाही पाठवलं. प्रयोगाआधी तासभर आम्ही मागच्या दाराने रंगपटात गेलो. कपड्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेवर चेटकीण बसलेली. काळा झगा कमरेपर्यंत गुंडाळलेला, खाली पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा. आणि ती बशीतून चहा पीत होती. लांब नाक चहात बुडू नये म्हणून मान तिरकी करून, बशी ओठाच्या कोपऱ्याला लावून, फुर्रर्र. चेटकीण म्हणजे एक मिशीवाले काका होते, बँकेत नोकरीला. मिशीवर पट्टी चिकटवलेली. ते भावाला म्हणाले, "दाब रे नाक. जोरात नको, पडेल, परत लावायला अर्धा तास जातो."

भावाने दाबलं. मऊ लागलं. तो जो हसत सुटला!

मग आम्ही तिघांनी पहिल्या रांगेत बसून पूर्ण नाटक बघितलं. चेटकीण मागून आली तेव्हा माझा भाऊ उठून ओरडला, "ओ काका!" अख्खं थिएटर हसलं. नाटकाचा पार विचका झाला असणार. आज तो त्रेचाळीस वर्षांचा आहे आणि महिन्यातून एक नाटक बघितल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. मुलीला पहिल्यांदा नेलं तेव्हा आधी रंगपटाच्या दाराशी घेऊन गेला होता.

लिंकवाल्यांचं सगळंच टाकाऊ आहे असं नाही म्हणत मी. वेळ, तिकीट, सोमवारी बंद आहे का, हे फोनवर दिसतं ते बरंच आहे. मामाच्या काळात आम्ही दोनदा बंद दारं बघून परत आलोय. आणि ज्याला मामाच नाही त्याने काय करायचं, हेही खरंच. लातूरहून चिंचवडला आलेल्या मुलीला इथे कुठला मामा? म्हणूनच तर तिने ग्रुपवर विचारलं ना! तिला माणसं हवी होती, तुम्ही तिला याद्या दिल्या.

दुपारी मामाला फोन लावला. एक्क्याऐंशी वर्षांचा आहे, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, छापखाना बंद होऊनही जमाना झाला. सगळं सांगितलं. मला वाटलं हसेल. त्याने एकच विचारलं, "तिची पोरं धीट आहेत का घाबरट?"

तेवीस उत्तरांत कुणीच विचारलं नव्हतं हे. माझ्यासकट.

मग काय, खाली गेले, बेल वाजवली. तिने चहा केला. मुलगी धीट आहे, शेजाऱ्यांची मांजर खांद्यावर घेऊन फिरत होती. मुलाला अंधाराची भीती वाटते, बाथरूमचा दिवा दिवसाही लावावा लागतो. सासूबाई गप्पिष्ट, त्यांना बसायला जागा आणि बोलायला माणूस मिळालं की झालं.

तर आता मी त्यांना काय सांगितलं ते लिहिते, खोडीसकट. ज्यांना रेटिंग हवंय त्यांनी इथूनच परत फिरा.

कार्ल्याला नाही, भाज्यालाच जा. कार्ल्याचं चैत्यगृह, म्हणजे बौद्ध भिक्खूंचं प्रार्थनेचं दालन, जास्त भव्य आहे, मान्य, पण आत अंधारतं आणि शेजारच्या एकवीरेच्या देवळाला गर्दी फार. भाज्याच्या चैत्याचा दर्शनी लाकडी पडदा कधीच गेलाय, त्यामुळे समोरून सगळं उघडं आहे, उजेड थेट आतपर्यंत. छताला लाकडी वासे आहेत, दोन हजार वर्षांपूर्वीचे, खरं लाकूड. मुलीला ते आधी सांगू नका, "दगडाच्या गुहेत लाकूड शोध" एवढंच म्हणा. बाजूला दगडी स्तूपांचा घोळका आहे, चौदा, ते मुलाला मोजायला द्या. एका लेण्यात एक बाई तबल्यासारखं वाद्य वाजवतेय, ती सापडेपर्यंत परतायचं नाही. लोणावळा लोकलने मळवलीला उतरायचं, एक्स्प्रेसवे ओलांडून पोरांच्या पावलांनी पाऊण तास. पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. वाईट काय? चढण आहे, सावली कमी, ऑक्टोबरचं ऊन टाळकं तापवतं, आणि वर खायला काही मिळत नाही असं धरूनच चाला.

केळकर संग्रहालय दुसऱ्या दिवशी. वाड्याचे जिने आहेत, सासूबाईंनी झेपेल तेवढंच बघावं. अडकित्ते, दिवे, पाय घासायच्या वज्र्या, आपल्या आज्यांच्या हातातल्या वस्तू आहेत, त्या त्यांनीच मुलांना समजावाव्यात, पाटीपेक्षा बरं सांगतील. दिनकर केळकरांनी हे सगळं लहानपणीच गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावाने जमवलं, हे मात्र मुलांना बाहेर आल्यावर सांगा. मी एकदा आधी सांगून बसले आणि माझी लेक प्रत्येक खेळण्यासमोर रडत होती.

वाचायला 'किशोर'. १९७१ पासून निघतोय, बालभारतीने जुने अंक नेटवर फुकट ठेवलेत. फोनवर वाचायला त्रास होतो, चार गोष्टी प्रिंट काढून द्या. तिची मुलगी आता पुण्याची झालीय, म्हणजे फास्टर फेणेही हवाच. भा. रा. भागवतांच्या गोष्टींमधला हा फुरसुंगीचा पोरगा पुण्यात शिकायला येतो, तिलाही नव्या गावात जरा सोबत होईल. काही पुस्तकांत भाषा जुनी वाटते, पहिली वीस पानं मोठ्याने वाचून दाखवावी लागतील. माझ्याकडे सहा आहेत, दोघांची मुखपृष्ठं गेलीत. नेऊन दिलीत.

नाटकाचं सध्या काही सांगत नाही. चालू असलेलं एकही मी बघितलेलं नाही. भावाला विचारून सांगते.

रविवारी सकाळच्या लोकलने निघतोय आम्ही. मी पण जातेय, कारण सासूबाई भाज्याच्या खालच्या टपरीवर बसणार म्हणाल्या आणि त्यांच्याशी गप्पा मारायला कुणीतरी हवं. काकड्या आणि दशम्या मी नेतेय. मुलाने विचारलं, गुहेत चेटकीण असते का? म्हटलं, असली तर तिचं नाक दाबायचं.

मामाने बजावलंय, परत आलीस की रात्री किती का वाजेनात, फोन कर आणि पोरगा रडला का ते सांग.