शाळेतल्या धुळीची तक्रार करायची तरी कुणाकडे?

डोकं फिरलंय आज, म्हणून लिहितेय. लेकीच्या शाळेला लागूनच जुनी सोसायटी पाडून टॉवर बांधतायत, दिवाळीच्या सुट्टीनंतर पाडकाम सुरू झालं आणि तेव्हापासून अर्धा वर्ग खोकतोय. पाचवीची पोरं वर्गात आली की आधी रुमालाने बाक पुसतात मग बसतात, आणि मधल्या सुट्टीपर्यंत त्याच बाकावर बोटाने नाव लिहिता येईल एवढी धूळ परत जमलेली असते. खिडक्या बंद केल्या तर पन्नासेक पोरं एका खोलीत गुदमरतात, उघड्या ठेवल्या आणि पंखा लावला तर सगळं डब्यात. लेकीचा इनहेलर आता दप्तरात कंपासपेटीशेजारी असतो. डॉक्टर म्हणतात धुळीपासून लांब ठेवा. कुठे ठेवू लांब? शाळेत पाठवायची बंद करू?

मुख्याध्यापक बाईंना भेटले. म्हणाल्या, ताई, कंपाउंडच्या आतलं मी बघते, बाहेरचं माझ्या हातात नाही. बरं, आतलं तरी बघा म्हटलं, वर्ग भरलेले असताना मावशी कोरड्या झाडूने झाडतात ते बंद करा आणि ओल्या फडक्याने पुसायला सांगा, तर तेवढं लगेच झालं, ते मान्य करते. पण पुढचं सगळं नुसती टोलवाटोलवी. वॉर्ड ऑफिसात बांधकामाचे साहेब म्हणतात परवानगी आहे, कागद क्लिअर आहेत, पोरं आजारी पडतायत तर आरोग्य विभागाला सांगा. आरोग्यवाले म्हणतात आम्ही डेंग्यू-मलेरियाचं बघतो, कुठे पाणी साचलं असेल तर सांगा, माणूस पाठवतो. प्रदूषणाचं काम बघणाऱ्या ऑफिसात सांगितलं लेखी द्या, पाहणी करू. पाहणी झाली, पण कधी? शाळा सुटून गेल्यावर दुपारी, साइटवर टँकरने पाणी मारून झालेलं असताना! वर्गात कुणी पाऊल टाकलं नाही, एका पोराला विचारलं नाही. शिक्षण विभागात एक बाई म्हणाल्या, अहो लहान मुलांना खोकला होतोच थंडीत. आणि ऑनलाइन टाकलेल्या तक्रारीवर मेसेज आला, "आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे". अरे काय निकाली काढलं? फोन नाही, भेट नाही, काँक्रीट फोडायचा ब्रेकर आत्ताही धडधडतोय!

नियम नाहीत असं पण नाही हो. मुंबईत महापालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये बांधकामाच्या धुळीसाठी नियमावलीच काढली, एक एकराच्या वरच्या प्लॉटला ३५ फूट उंच पत्रे, त्याहून लहान असेल तर २५ फूट, बिल्डिंगला हिरवं कापड, राडारोड्यावर सतत पाणी, बाहेर पडणाऱ्या डंपरची चाकं धुवायची. आमच्याकडे पत्रे जेमतेम डोक्याएवढे आणि कापड फक्त रस्त्याच्या बाजूने, शाळेची बाजू सताड उघडी. शाळेच्या गेटवर शांतता क्षेत्राचा बोर्ड आहे, २००० सालच्या ध्वनी प्रदूषणाच्या नियमांनुसार शाळेभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र धरतात, दिवसा आवाजाची मर्यादा ५० डेसिबल. म्हणजे पोरांच्या कानांचा विचार कुणीतरी करून ठेवलाय, मग फुफ्फुसांचा कोण करणार? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याला जोडलेल्या शाळेच्या निकषांत मुलामुलींची वेगळी स्वच्छतागृहं आहेत, पिण्याचं पाणी आहे, मैदान, कंपाउंड आहे, वर्गातल्या हवेबद्दल एक ओळ नाही.

ॲपवर बघितलं तर हवा "समाधानकारक"! ते हवा मोजायचं मशीन कितीतरी किलोमीटर लांब, आणि मर्यादा धरतात ती २४ तासांच्या सरासरीवर, पीएम १० म्हणजे हवेतल्या बारीक कणांसाठी घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम, पीएम २.५ म्हणजे त्याहून बारीक कणांसाठी ६०. डब्ल्यूएचओ २०२१ पासून त्याच पीएम २.५ ला १५ म्हणतंय ते वेगळंच. पोरं शाळेत असतात सकाळी सात ते साडेबारा आणि नेमका तेव्हाच तोडायचा धडाका, पण तो आकडा रात्रीच्या शांत तासांत मिसळून गायब. लहान मुलं वजनाच्या मानाने मोठ्यांपेक्षा जास्त हवा आत घेतात, त्यांची फुफ्फुसं अजून वाढतायत, आणि काँक्रीट फोडताना उडते ती घरातली धूळ नाही, त्यात सिलिका असते, वाळू-दगडाची फुफ्फुसांना घातक बारीक भुकटी. हे मी प्रत्येक टेबलावर सांगितलंय.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम पण येऊन गेली मध्ये. २०१३ मध्ये ही योजना आपल्या पालघरमधूनच सुरू झाली, चांगली योजना आहे, डॉक्टर मॅडमनी पोरांचे डोळे, दात, कातडी, वजन, सगळं मन लावून तपासलं. पण त्यांचं काम पोर तपासायचं, पोर ज्या खोलीत बसतं ती खोली तपासायचं काम कुणाचंच नाही!! माझ्या बहिणीच्या गावात पाण्याचं तरी ठरलेलं आहे, ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक पाण्यात टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकतो, पाण्यात क्लोरीन आहे का ते बघायची ओटी टेस्ट करतो, पाहणीनंतर पाण्याला धोका किती त्याप्रमाणे गावाला लाल, पिवळं नाहीतर हिरवं कार्ड मिळतं. पाणी खराब आलं तर कुणाला धरायचं ते गावातल्या म्हातारीला पण माहिती असतं. इथे एवढ्या मोठ्या शहरात मला एक माणूस दाखवा, की शाळेची हवा ही माझी जबाबदारी, मी येतो, मशीन लावतो, शाळेच्या वेळात तोडफोड बंद करायला लावतो.

आता शाळा व्यवस्थापन समितीतल्या आयांना धरलंय. कायद्याने त्या समितीत तीन चतुर्थांश पालकच असतात, तर ठराव करून सगळ्यांच्या सह्यांनी एकच पत्र सगळ्या ऑफिसांना एकदम द्यायचं, म्हणजे याने त्याच्याकडे बोट दाखवायला नको. मागण्या दोनच लिहितोय, सात ते साडेबारा ब्रेकर बंद आणि शाळेच्या बाजूला पूर्ण उंचीचं कापड. तुमच्या गावात, शहरात कुणी अधिकारी खरंच वर्गात येऊन हवा मोजून गेला असेल तर कृपा करून सांगा कुठल्या खात्याचा होता आणि अर्जात काय लिहिलं होतं, मी तसाच्या तसा उद्या देते.