क्वार्टरची किल्ली

मलावी हे नाव घरी बहुतेकांना ठाऊक असते ते नोव्हेंबर-डिसेंबरात वाशीच्या बाजारात येणाऱ्या हापूसमुळे. त्या देशात, ब्लँटायर शहरापासून दोन तासांच्या अंतरावरील एका मिशन रुग्णालयात, आम्ही दोन वर्षांसाठी स्वयंसेवक डॉक्टर म्हणून राहत आहोत. मी बालरोगतज्ज्ञ, माझे पती भूलतज्ज्ञ, आणि बरोबर अकरा वर्षांची मुलगी व सात वर्षांचा मुलगा. इथे संध्याकाळचे सहा वाजतात तेव्हा घरी रात्रीचे साडेनऊ झालेले असतात, आणि दर रविवारी त्या वेळेला सासूबाईंचा फोन येतो. त्यांच्या बोलण्यात कधीमधी, आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर हमखास, आमच्याविषयी एकच शब्द वापरला जातो: त्याग. गेल्या महिन्यात या शब्दाचा उपयोग दुसऱ्यावर झाला. माझ्या नणंदेचा मुलगा शासकीय महाविद्यालयातून एमबीबीएस झाला, बाँडच्या, म्हणजे शासकीय महाविद्यालयात शिकल्याबद्दल द्यावयाच्या, एक वर्षाच्या सेवेसाठी सातपुड्यातील एका प्राथमिक आरोग्य केंद्रात त्याची नेमणूक निघाली, आणि तो जरा घुटमळतो आहे हे कळताच गटावर त्याला ऐकवण्यात आले, "मामा-मामी मुलाबाळांना घेऊन आफ्रिकेत राहतात आणि तुला एक वर्ष जड होतंय?"

हा दाखला मला लागला, कारण तो खोटा आहे. तो का खोटा आहे हे आमचा दिवस कसा जातो ते सांगितल्यावाचून कळणार नाही.

आमचे घर रुग्णालयाच्या आवारातच आहे. विटांचे, पत्र्याच्या छपराचे, तीन खोल्यांचे. सकाळी साडेपाचला उठून पिंप भरून ठेवायचे, कारण दुपारी नळाला पाणी असेलच असे नाही. वीज दिवसातून काही तास जाते. तेव्हा सौर बॅटरीवर दोन दिवे आणि फोन चालतात, आणि स्वयंपाक कोळशाच्या शेगडीवर होतो, जिला इथे म्बाउला म्हणतात. जेवण म्हणजे बहुधा न्सिमा, म्हणजे मक्याच्या पांढऱ्या पिठाची घट्ट उकड, आणि तिच्याबरोबर भोपळ्याच्या पानांची भाजी. या भाजीत इथल्या बायका शेंगदाण्याचे कूट घालतात हे पहिल्यांदा पाहिले तेव्हा मी शेजारणीसमोर मोठ्याने हसले होते. तूरही इथे भरपूर पिकते, नांडोलो या नावाने, आणि तिच्या निर्यातीचा मोठा भाग भारतातच जातो; त्यामुळे आमटी अडत नाही. मोठ्या बाईला इथे 'मायी' म्हणतात, आणि हा शब्द माझ्या कानाला एक दिवसही परका वाटला नाही.

साडेसातला वॉर्डातली फेरी सुरू होते. प्रत्येक रुग्ण आपली आरोग्यपुस्तिका स्वतःबरोबर आणतो, तिला सगळे 'हेल्थ पासपोर्ट' म्हणतात, आणि मागच्या खेपेला कोणी काय दिले ते त्या चुरगळलेल्या वहीत बहुतेक वेळा नीट लिहिलेले असते. रुग्णाबरोबर आलेला नातेवाईक आवारातल्या निवाऱ्यात राहून स्वतः रांधतो आणि स्वतः भरवतो. जानेवारी ते मार्च या पावसाच्या महिन्यांत मलेरिया इतका वाढतो की एका खाटेवर दोन मुले असतात. रक्ताची टक्केवारी चारवर आलेले मूल दारातून आत येते तेव्हा आर्टेसुनेट या मलेरियावरील औषधाचे इंजेक्शन आणि रक्ताची पिशवी या दोन गोष्टी हाताशी आहेत की नाहीत, एवढाच प्रश्न उरतो. जगातली पहिली मलेरियाची लस नेहमीच्या लसीकरणात देण्याची सुरुवात 2019 च्या एप्रिलमध्ये याच देशात झाली. दुसरी लस आता पुण्यात तयार होते. तरीही खाटा अजून भरतात.

हे सगळे ऐकून घरच्यांना कष्ट दिसतात. मला मात्र आम्ही इथे पोचलो तो दिवस आठवतो. मेट्रनबाईंनी घराची किल्ली हातात ठेवली, टाकी भरलेली होती, खिडक्यांना मच्छरदाणीची जाळी होती, आणि माझ्याबरोबर रात्रपाळी वाटून घेणाऱ्या तीन क्लिनिकल ऑफिसरांची, म्हणजे डॉक्टरची पदवी नसलेल्या पण पदविका घेऊन उपचार करणाऱ्यांची, नावे भिंतीवरच्या तक्त्यात लिहिलेली होती. चार रात्रींतून एक रात्र मी जागते, उरलेल्या तीन रात्री झोपते. साधेपणा सोसवतो तो या झोपेमुळे.

बावीस वर्षांपूर्वी माझीही बाँडवर नेमणूक झाली होती. केंद्राच्या क्वार्टरचे छत गळत होते, दाराला आतून कडी नव्हती, पाणी अर्ध्या किलोमीटरवरच्या हातपंपावरून आणावे लागे, आणि दोन मंजूर जागांपैकी दुसऱ्या जागेवर डॉक्टर कधी आलाच नाही, त्यामुळे चोवीस तास मीच. तीन महिन्यांनी मी बाँडची रक्कम भरली आणि निघून आले. वडिलांनी पैसे दिले. ज्यांच्या वडिलांना ते शक्य नव्हते ते राहिले, आणि त्यांना कोणी त्यागी म्हटले नाही. पुढे ही रक्कम एमबीबीएससाठी 10 लाख रुपये झाली, आणि दरवर्षी वर्तमानपत्रांत तोच वाद येत राहिला: दंड वाढवावा की सक्ती कडक करावी, आजचे तरुण डॉक्टर स्वार्थी आहेत की फी भरून नाडलेले. या वादात क्वार्टरच्या कडीचा उल्लेख मी क्वचितच वाचला.

मलावीने हा प्रश्न वेगळ्या बाजूने हाताळला, तोही नाइलाजाने. इथे वैद्यकीय महाविद्यालयच 1991 मध्ये निघाले. त्याआधीपासून जिल्ह्यांचा भार क्लिनिकल ऑफिसरांवर होता, तो आजही आहे. तीन वर्षांची पदविका आणि वर्षभराची उमेदवारी करून आलेले हे लोक जिल्हा रुग्णालयांतली बहुतेक सिझेरियन करतात. त्यांची पदविका परदेशात चालत नाही, म्हणून ते टिकतात, हेही खरे. एड्सच्या साथीने आणि ब्रिटनला गेलेल्या नर्सेसमुळे रुग्णालये ओस पडू लागली तेव्हा 2004 मध्ये सरकारने तातडीचा मनुष्यबळ कार्यक्रम आखला. ब्रिटिश मदतीने पगारावर 52 टक्के भर दिली, प्रशिक्षणाच्या जागा वाढवल्या, आणि ती माणसे तयार होईपर्यंत पोकळी भरायला परदेशी स्वयंसेवक डॉक्टर बोलावले. आमच्यासारख्यांचे स्थान त्या आराखड्यात तात्पुरत्या टेकूचे होते, आणि ते तसेच असावे असे माझे मत आहे.

आपल्याकडेही असे मधल्या फळीचे डॉक्टर होते. भोर समितीने 1946 मध्ये एकाच दर्जाच्या डॉक्टरची शिफारस केली आणि लायसेन्शिएट, म्हणजे पदवीऐवजी कमी मुदतीचा अभ्यासक्रम केलेले हे डॉक्टर, मागे पडले. आता एक वर्षाचा औषधशास्त्राचा अभ्यासक्रम केलेल्या होमिओपॅथांनी आधुनिक औषधे द्यावीत का, यावर महाराष्ट्रात 2014 च्या कायदादुरुस्तीपासून भांडण चालू आहे. त्या अभ्यासक्रमाला माझा विरोध आहे, कारण एका शास्त्रावर दुसऱ्या शास्त्राचे ठिगळ लावून क्लिनिकल ऑफिसर होत नाही. पण विरोध करणाऱ्या आम्हा डॉक्टरांनी गावात कोण राहणार याचे उत्तरही दिलेले नाही.

गटावर कोणी तरी डॉ. कोटणिसांचे नावही घेतले. सोलापूरचा तो तरुण 1938 मध्ये पाच डॉक्टरांच्या पथकातून युद्धात होरपळणाऱ्या चीनला गेला, तिथेच संसार मांडला आणि 1942 मध्ये वयाच्या 32 व्या वर्षी तिथेच वारला. आमच्याजवळ परतीची तिकिटे आहेत. मुलगी सातवीत जाण्याच्या वयाची झाली, इथल्या शाळेत एका वर्गात शंभराहून अधिक मुले आहेत, तिचे गणित तिचे बाबा रात्री दिव्याखाली घेतात, आणि पुढच्या जूनमध्ये आम्ही तिच्या शाळेसाठीच परतणार आहोत. आमच्या वॉर्डच्या मुख्य नर्सबाई एकवीस वर्षे याच आवारात आहेत. त्यांचा साधेपणा त्यांनी निवडलेला नाही, आणि त्याविषयी कौतुकाचा संदेश त्यांना कोणी पाठवत नाही.

भाच्याला मी गटावर उत्तर दिले नाही. वेगळा फोन केला. जा किंवा जाऊ नकोस असे न सांगता मी त्याला तीन गोष्टी विचारून घ्यायला सांगितल्या: क्वार्टरमध्ये पाणी आहे का, नर्स किती आहेत, आणि दुसऱ्या जागेवर डॉक्टर आहे का. तो स्वतः जाऊन पाहून आला. "मामी, सिस्टर दोन आहेत आणि चांगल्या आहेत," त्याने काल कळवले. "दुसरे डॉक्टर रजेवर आहेत, कधीपासून ते कोणाला सांगता येत नाही. क्वार्टर बाहेरूनच पाहिलं. किल्ली कोणाकडे आहे ते तालुक्याला विचारतो आहे."