भांडी, ट्रक आणि दीड मिलिमीटरची पिन

चिंचवडला आमच्या कॉलनीच्या कोपऱ्यावर, चहाच्या टपरीसमोर जो सिमेंटचा कट्टा आहे, त्यावर आम्ही चौघे रविवारी संध्याकाळी बसतो. मास्तर शाळेत चित्रकला शिकवत असत, आता निवृत्त आहेत. बंड्या भोसरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये काम करतो. वकिलांना आम्ही वकील म्हणतो ते त्यांच्या व्यवसायामुळे कमी आणि हरलेली बाजूही शेवटपर्यंत लढवण्याच्या त्यांच्या हौसेमुळे जास्त. चौथा मी, ज्याने गेल्या रविवारी नको ते बोलून वादाला तोंड फोडले.

निमित्त एका खेळण्याचे होते. वकिलांनी २००९ साली मुलाला घेऊन दिलेला ऑप्टिमस प्राइम, म्हणजे दुमडला की ट्रक आणि उलगडला की यंत्रमानव होणारा तो प्रसिद्ध गडी, डाव्या खांद्याची पिन निसटल्यामुळे कित्येक वर्षे माळ्यावर पडून होता. मुलगा आता नोकरीला लागला आहे; खेळणे दुरुस्त व्हावे असे मुलाला नव्हे, वकिलांनाच वाटत होते. बंड्याने ते कारखान्यात नेले, दीड मिलिमीटरची पितळी पिन बसवली आणि वर्तमानपत्रात गुंडाळून कट्ट्यावर आणले. वकील खुशीत आले आणि परवाच टीव्हीवर ‘ट्रान्सफॉर्मर्स’चा दुसरा भाग पुन्हा पाहिल्याचे सांगू लागले. त्यावर, या चित्रपटाला रॉजर एबर्ट यांनी चारपैकी एकच तारा दिला होता, एवढेच मी म्हणालो.

“तो म्हातारा,” वकील म्हणाले, आणि चहाचा पेला खाली ठेवला.

ज्यांना हा प्रसंग ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. एबर्ट हे ‘शिकागो सन-टाइम्स’ या अमेरिकन वर्तमानपत्राचे समीक्षक होते. चित्रपटसमीक्षेसाठी पुलित्झर पारितोषिक मिळवणारे ते पहिलेच, आणि तेही १९७५ साली. कर्करोगावरील शस्त्रक्रियांनंतर २००६ साली त्यांचा आवाज कायमचा गेला, तेव्हा बोलण्याची सगळी भूक त्यांनी लिहिण्यावर भागवली. दिग्दर्शक मायकेल बे यांचा ‘ट्रान्सफॉर्मर्स : रिव्हेंज ऑफ द फॉलन’, म्हणजे हा दुसरा भाग, २४ जून २००९ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झाला आणि एबर्ट यांनी त्याची जी हजेरी घेतली ती आजही लोक आठवणीने सांगतात. असह्य लांबीचा भयंकर अनुभव, असे त्यांचे पहिल्याच वाक्यातले मत होते. तिकिटाचे पैसे वाचवायचे असतील तर स्वयंपाकघरात जा, नरकाचे संगीत गाणारे पुरुषांचे वृंदगान लावा, एखाद्या पोराला भांडी बडवायला सांगा आणि डोळे मिटून उरलेली कल्पना करा, असा सल्लाही त्यांनी देऊन टाकला. चाहते खवळले. पत्रांचा आणि प्रतिक्रियांचा पूर आला, आणि एबर्ट यांनी त्यांना उत्तर देणारा स्वतंत्र लेख लिहिला, ज्यामुळे आगीत तेलच पडले.

वकिलांनी त्या खवळलेल्या चाहत्यांचे वकीलपत्र जागच्या जागी घेतले. त्यांचे म्हणणे असे की, ज्या चित्रपटावर २० कोटी डॉलर खर्च झाले, ज्याने एकट्या अमेरिकेत पहिल्या पाच दिवसांत तेवढीच रक्कम गोळा केली आणि जगभरात ८३ कोटींच्या वर मजल मारली, त्याला वाईट म्हणणारा समीक्षक प्रेक्षकांपासून तुटलेला असतो, आणि तुटलेल्या माणसाने मत देऊ नये. “कोट्यवधी लोक एकीकडे आणि एक माणूस दुसरीकडे. यात चूक कोणाची, हे सांगायला न्यायाधीश कशाला हवा?”

मास्तरांनी शांतपणे विचारले, “वकील, तुम्ही तिकीट चित्रपट पाहण्याआधी काढता की पाहून झाल्यावर?”

प्रश्न सोपा होता, पण वकिलांना तो टोचला. पाच दिवसांचा गल्ला हा दुसऱ्या भागाचा कौल नसून पहिल्या भागाने कमावलेल्या नावावर उचललेले कर्ज असते, असे मास्तरांचे म्हणणे होते. अमेरिकेत चित्रपट पाहून बाहेर पडणाऱ्यांकडून शाळेसारखी श्रेणी घेण्याची पद्धत आहे. त्यात २००७ च्या पहिल्या भागाला ‘ए’ मिळाली होती आणि दुसऱ्याला ‘बी प्लस’. म्हणजे पैसे मोजून गेलेल्या आणि आवडावा अशीच इच्छा मनात धरून बसलेल्या प्रेक्षकांनीही गुण कापलेच होते. २०११ च्या तिसऱ्या भागाची अमेरिकेतील कमाई ४० कोटींवरून ३५ कोटींवर उतरली, हेही मी मध्येच सांगितले. वकिलांनी तत्काळ उत्तर दिले की त्याच तिसऱ्या भागाने जगभरात ११२ कोटी डॉलर मिळवले, आणि जग अमेरिकेपेक्षा मोठे आहे. आकडे दोन्ही बाजूंनी साक्ष देऊ लागले की त्यांचा नाद सोडावा, हे आमच्या कट्ट्यावर ठरलेले आहे. तो मुद्दा तिथेच राहिला.

मग वकिलांनी चाहत्यांचे ते लाडके वाक्य काढले, जे एबर्ट यांच्याही वाट्याला वारंवार आले होते आणि जे आपल्याकडेही दर शुक्रवारी कोणी ना कोणी म्हणतच असते. यंत्रमानवांची मारामारी आहे, त्यात शेक्सपियर कशाला शोधता? डोके घरी ठेवून जावे आणि मजा करावी.

माझा या वाक्यावर जुना राग आहे, आणि तो मी त्या संध्याकाळी काढून घेतला. ज्याला हे चित्रपट आवडत नाहीत तो असे म्हणाला तर समजू शकते. पण चाहत्याने असे म्हणणे म्हणजे आपल्या आवडत्या गोष्टीबद्दल, ती विचार करण्याच्या लायकीची नाही, असे जाहीर करणे आहे. एबर्ट यांनी असे काही म्हटले नव्हते. त्यांनी २००७ च्या पहिल्या भागाला तीन तारे दिले होते. तेच दिग्दर्शक, तोच नायक, तेच यंत्रमानव, तीच मोडतोड. यंत्रमानवांचा तिटकारा असलेला माणूस तीन तारे देत नाही. त्याला पहिल्यांदा मजा आली होती, दुसऱ्यांदा आली नाही, आणि का आली नाही हे त्याने सविस्तर लिहिले. म्हणजे चाहत्यांपेक्षा त्या समीक्षकानेच चित्रपटाला अधिक गांभीर्याने घेतले होते. डोके घरी ठेवा असे सांगणाऱ्यांनी तर चित्रपटाला एक तारासुद्धा दिला नाही.

“छान बोललात,” वकील म्हणाले, “पण मग त्या भांड्यांचे काय? ज्या आवाजाला तुमच्या एबर्टने पोराने बडवलेली भांडी म्हटले, त्याच आवाजाला ऑस्करच्या ध्वनिमिश्रण विभागात नामांकन मिळाले. ऐकणारे तिथले व्यावसायिक बहिरे होते काय?”

हा मुद्दा खरा आहे आणि मला त्याचे उत्तर देता आले नाही. २०१० च्या मार्चमध्ये, ऑस्करच्या आदल्या रात्री, वर्षातील वाईट कामांना दिल्या जाणाऱ्या रॅझी पुरस्कारांत या चित्रपटाला सर्वांत वाईट चित्रपट, दिग्दर्शन आणि पटकथा असे तीन मान मिळाले, आणि दुसऱ्या दिवशी तो ऑस्करच्या ध्वनिमिश्रणाच्या पाच नामांकनांत बसलेला होता. (ते ऑस्कर ‘द हर्ट लॉकर’ने नेले.) एकाच आवाजाबद्दल दोन जाणकार असे टोकाचे बोलू शकतात. मास्तरांनी समजूत घातली की प्रत्येक रंग उत्तम दर्जाचा असूनही चित्र गढूळ होऊ शकते. वकिलांना ते पटले नाही. मला अर्धे पटले.

पटकथेच्या बाबतीत मात्र वकील फार लढले नाहीत, आणि याचे कारण उघड आहे. हॉलिवूडच्या लेखकांचा संप नोव्हेंबर २००७ मध्ये सुरू झाला आणि फेब्रुवारी २००८ पर्यंत चालला. संपाच्या तोंडावर अवघ्या काही आठवड्यांत कथेचा आराखडा उरकावा लागला होता, आणि तिसऱ्या भागाच्या वेळी खुद्द बे यांनीच दुसरा भाग फसल्याचे कबूल केले. घाईच्या खुणा पडद्यावर जागोजागी आहेत. वॉशिंग्टनजवळच्या विमानसंग्रहालयात पात्रे शिरतात, जुने टेहळणी विमान यंत्रमानव बनून जागे होते, आणि मागचे दार उघडून सगळे बाहेर येतात तो समोर रखरखीत मैदान आणि डोंगर. वकिलांनी हसत कबूल केले की हे म्हणजे पुण्याच्या आगाखान पॅलेसच्या मागच्या दाराने जैसलमेरला निघण्यासारखे आहे. स्किड्स आणि मडफ्लॅप या जुळ्या यंत्रमानवांच्या तोंडी कृष्णवर्णीयांची टिंगल वाटावी अशी भाषा घातली होती आणि त्यांना वाचताही येत नाही असा विनोद केला होता. त्यावर अमेरिकेत जी टीका झाली तिचा प्रतिवाद वकिलांनीही केला नाही. तिसऱ्या भागात त्या जोडीला पात्र म्हणून जागा मिळाली नाही.

पण वकिलांच्या हाती एक अस्सल हुकूम होता, आणि तो त्यांनी शेवटी टाकला. एबर्ट यांनी चाहत्यांना दिलेल्या उत्तरात असे सुचवले होते की, ज्यांना हा चित्रपट थोर किंवा चांगला वाटतो त्यांची पुरेशी उत्क्रांती झालेली नाही. एकेक चित्रपट पाहत ते वरच्या पायरीवर चढतील, अशी आशा करू या. “ही समीक्षा झाली की शिवी? माझा मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा होता. प्राइम मेला तेव्हा थिएटरमध्ये तो माझ्या बाहीला डोळे पुसत होता. त्याला काय वानर म्हणायचे?”

यावर आम्ही सगळेच गप्प झालो. एबर्ट यांच्या परीक्षणाचा मी चाहता आहे, परंतु या एका वाक्यात त्यांनी चित्रपट सोडून माणसांना तारे वाटायला सुरुवात केली, असे मला तेव्हाही वाटले होते आणि आजही वाटते. परीक्षण कितीही जहाल असले तरी त्याचा विषय पडद्यावर असतो. प्रेक्षक कोणत्या पायरीवर उभा आहे हे सांगू लागला की समीक्षकही त्या खवळलेल्या पत्रलेखकांच्याच रांगेत येऊन उभा राहतो.

मास्तरांनी मात्र वकिलांच्या बोलण्यातला दुसराच धागा पकडला. “तुमचा मुलगा रडला तो नेमका कोणत्या प्रसंगात?”

जंगलातल्या मारामारीत, वकील म्हणाले, आणि सगळी मारामारी हातवारे करून सांगू लागले. एकटा प्राइम, समोर तिघे, नायकाला वाचवायचे आहे, झाडे मोडत आहेत, आणि शेवटी मागून छातीत घुसलेले पाते. सांगताना त्यांना एकही क्षण अडखळावे लागले नाही. मग मास्तरांनी त्यांना शेवटची इजिप्तमधली, पिरॅमिडच्या आसपासची लढाई तशीच सांगायला सांगितली. वकिलांनी सुरुवात केली, ते दोनदा मागे आले, कोणी कोणाला मारले यात गोंधळले आणि मग म्हणाले की तिथे बरेच काही घडते.

“माझी तक्रार एवढीच आहे, आणि एबर्टचीही हीच होती,” मास्तर म्हणाले. एकेका यंत्रमानवाची रचनाच इतकी गुंतागुंतीची आहे की ती आकळत नाही, आणि दोन-तीन एकमेकांशी लढू लागले की कोण कोणता हे कळेनासे होते, असे एबर्ट यांनी लिहिले होते. मुलांना आकृती शिकवताना मास्तर त्यांना ती आधी नुसती काळी भरायला लावत. आतले तपशील गेल्यावरही धावणारा धावताना आणि बसलेला बसलेला दिसला पाहिजे. जंगलात हिरव्या झाडांपुढे प्राइमचा लाल-निळा देह वेगळा उठून दिसतो, शत्रू मोजता येतात, कोण कुठे उभा आहे ते ठाऊक असते, म्हणून मुलाला रडू आले. वाळवंटात करड्या धुळीपुढे करडे लोखंड करड्या लोखंडावर आपटते, आणि त्यात कोणासाठी रडायचे ते समजत नाही. “तुमचा मुलगा खालच्या पायरीवर नव्हता. जिथे दिसले तिथे तो रडला.”

इतका वेळ बंड्या काही बोलला नव्हता. त्याने खेळणे हातात घेतले आणि चहावाल्याच्या बल्बखाली धरले. “वकीलसाहेब, हे मी दोन दिवस उलगडत-मिटत होतो,” तो म्हणाला. “याच्यात एकही भाग फुकट नाही. ट्रकचे धुराडे खांद्यामागे जाते, काच छातीवर येते, मागची चाके पायांत बसतात. पिनेचे भोक जरा ढिले झाले की हात लोंबतो आणि एका केसाने घट्ट झाले की दार लागत नाही. ज्याने कोणी याची डाय बनवली त्याने प्रत्येक तुकडा कुठून निघतो आणि कुठे जाऊन बसतो याचा हिशेब केलेला आहे. सिनेमात मला हेच बघायचे होते. तिथे हजार तुकडे फिरतात आणि एकदम माणूस उभा राहतो. मधले काही दिसतच नाही. मी चौथ्या रांगेत बसलो होतो, तरी दिसले नाही.”

त्याला एबर्टचे नाव त्या संध्याकाळीच प्रथम कळले होते.

वकिलांनी खेळणे त्याच्या हातून घेतले. मास्तरांना त्यांनी सांगितले की आपण अजूनही चित्रपटाच्या बाजूनेच आहोत आणि पुढच्या वेळी टीव्हीवर लागला तर पुन्हा पाहणार आहोत, आणि मास्तरांनी आपणही जंगलापर्यंत सोबत बसू असे कबूल केले. बोलता बोलता वकील यंत्रमानवाचा ट्रक करू लागले होते. पाय मिटले, डोके आत गेले, छाती वळली, पण डाव्या बाजूचा एक पत्रा काही केल्या आत बसेना. त्यांनी तो दाबला, मग उलटा फिरवला, मग चष्मा काढून अगदी जवळून पाहिला.

“तसे नाही होणार,” बंड्या म्हणाला. “आधी हात आत घ्यायचा, मग दार.”