शून्य किलोमीटरवरचे काका

त्या दगडाला पाठ टेकून पाच मिनिटं बसायचं, एवढीच माझी इच्छा होती.

कामिनो या यात्रेकरूंच्या जुन्या वाटेनं चालत आलो होतो: फ्रान्समधल्या सें-जां-पिए-द-पोरपासून स्पेनमधल्या सांतियागोपर्यंत सुमारे ७८० किलोमीटर, तिथून फिस्तेराच्या समुद्रापर्यंत आणखी नव्वदेक. पायाच्या फोडांचं आणि आल्बेर्गेतल्या, म्हणजे यात्रेकरूंच्या धर्मशाळेतल्या, घोरण्याचं वर्णन करत नाही, ते सगळेच करतात. दीपगृहाजवळ ‘०.००’ लिहिलेला दगड आहे. त्याच्यावर एका काकांनी बॅग, टोपी आणि अर्धं केळं मांडून ठेवलं होतं.

माझ्या तोंडून ‘अरे देवा’ निघालं. तिथेच घात झाला.

"मराठी? वा! हा घ्या फोन. सगळे येऊ द्या हं फोटोत."

सगळे म्हणजे अख्खी बस. मी काढले. आडवे काढले, उभे काढले, एका काकूंचे डोळे मिटले म्हणून परत काढले.

"चालत आलात?" काकांनी माझ्या बुटांकडे बघितलं. "का पण? रस्ता चांगलाय की. बस थेट वर येते."

मी काहीतरी पुटपुटलो.

"आणि खरं सांगू? हे टोक नाहीच. युरोपच्या मुख्य भूमीचं पश्चिम टोक पोर्तुगालात, काबो दा रोका. परवाच बघून आलो. स्पेनपुरतं म्हणाल, तर इथून उत्तरेला तोरिन्यान आहे, तेही याच्यापुढे."

रात्री मी नकाशा उघडून तपासलं. माणूस बरोबर निघाला, याचा राग अजून गेलेला नाही. जग इथे संपतं असं रोमनांना खुशाल वाटायचं म्हणतात. त्यांना वेळेवर कोणी काका भेटले नसावेत.

"बूट कधी जाळणार?" काकांनी कॅमेरा सरसावला. "यात्रेकरू इथे बूट जाळतात म्हणे. आम्ही थांबलोय."

"बंदी आहे हो आता."

"मग मोजा तरी जाळा. एक."

"राहू द्या हो," काकू म्हणाल्या, "वास सुटेल."

हसू आलं, नाही असं नाही. पण चालणाऱ्यानं गावोगाव एका वहीत शिक्के गोळा करत हिंडायचं, प्रमाणपत्रासाठी ती वही खिडकीत दाखवायची, आपण खरंच चाललो हे पटवायचं. बसमधून उतरणाऱ्याला कोणी काही विचारत नाही, आणि दगड त्यालाच आधी मिळतो. हा कुठला न्याय?

माझा फोटो काकांनी काढला म्हणा. त्यात मी आहे, त्यांचा अंगठा आहे आणि केळं आहे. ०.०० नाही.

ड्रायव्हरनं हॉर्न दिला. गाव तिथून तीनेक किलोमीटर खाली. बसमध्ये एक सीट रिकामी दिसत होती, मी तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं असावं.

"तुम्हाला काय," काका पायरीवरून म्हणाले, "चालायची आवडच आहे!"

आणि दार लागलं.