पावसात फायबर भिजत नाही

चवथीच्या पंधरा दिवस आधी आमच्या वाड्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज आला. मग तोच डिचोलीहून, साखळीहून, फोंड्याहून ओळखीची माणसे पाठवत राहिली. मजकूर थोडक्यात असा: "गोव्यात घरचे नेट स्लो असणारच. १०० चा प्लॅन घेतला तरी डाउनलोड १२ च्या वर जात नाही, म्हणजे कंपनी आठपट लुटते. पावसात फायबर भिजते, त्याला कोणी काही करू शकत नाही. प्लॅनवर 'अप टू', म्हणजे 'इतक्या वेगापर्यंत', असे लिहिलेले असते, म्हणून कायदाही आपल्या बाजूने नाही. तक्रारीत वेळ घालवू नका, मोठा प्लॅन घ्या."

शेजारच्या काकींनी तो वाचला आणि १०० चा प्लॅन ३०० चा करून घेतला. त्यांची सून संध्याकाळी मुलांच्या ऑनलाइन शिकवण्या घेते. महिन्याचे बिल वाढले, शिकवणी अडखळायची ती अडखळतच राहिली. म्हणून या मेसेजला उत्तर द्यायला हवे असे वाटले.

आधी तो १२ चा आकडा. प्लॅनवरचे १०० हे मेगाबिट असतात. फाइल उतरताना संगणक बहुतेक वेळा मेगाबाइट दाखवतो. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून १०० भागिले ८ म्हणजे साडेबारा. १२ दिसत असेल तर तुमची लाईन ठणठणीत आहे. यात लूट नाही, आणि हा मुद्दा घेऊन फोन करणाऱ्याची तक्रार पहिल्याच मिनिटाला निकालात निघते. पुढे खरोखर काही बिघडले तरी त्याच्याकडे कोणी गंभीरपणे पाहत नाही. चुकीच्या तक्रारीने नुकसान होते ते असे.

आता पावसाचा मुद्दा. हा मला सगळ्यात जास्त बोचतो, कारण जून ते सप्टेंबर आपल्याला हेच ऐकवले जाते आणि आपण ते मुकाट्याने मान्य करतो. फायबर म्हणजे केसाएवढा काचेचा तंतू, त्यातून उजेड जातो. वरून पाऊस कोसळला म्हणून आतला उजेड मंदावत नाही. बिघडते ते दुसरेच काहीतरी: जोडपेटीचे झाकण नीट न बसल्याने आत पाणी जाते, कनेक्टरवर ओल आणि घाण बसते, माडाचे झावळ पडून केबल ओढली जाते किंवा तिला तीव्र वाक येतो. काही ठिकाणी फायबर खांबापर्यंतच असते आणि तिथून घरात साधी तांब्याची केबल येते, तिच्यात पाणी शिरते. वीज गेली आणि कंपनीच्या टोकाला बॅटरी नसली, तर आपल्या घरी इन्व्हर्टर असूनही नेट येत नाही. यातली एकही गोष्ट दैवाधीन नाही. प्रत्येक दुरुस्त करता येते, आणि ती करणे कंपनीचे काम आहे.

मागच्या जुलैत आमच्याकडे हेच झाले. फोनवर तीनदा "पाऊस आहे ना" हे उत्तर मिळाले. चौथ्या फोननंतर कंपनीचा मुलगा आला, तेव्हा मी त्याला मीटर लावून उजेडाची पातळी मोजायला सांगितली. उणे २९ आली (डेसिबेलमधला हा आकडा जितका जास्त उणे, तितका उजेड कमी). घरगुती फायबर मोडेम साधारण उणे २७ पर्यंत नीट चालतो. जोडणीच्या दिवशी ती उणे २१ होती, मी तेव्हाच वहीत लिहून ठेवले होते. दर ३ डेसिबेलला उजेड निम्मा होतो, म्हणजे आमच्याकडे जेमतेम सहावा हिस्सा पोहोचत होता. आकडा समोर आल्यावर मुलगा स्वतःच बाहेर पडला. फणसामागच्या खांबावरची जोडपेटी उघडली तर आत पाणी साचलेले. नवा जोड मारला, झाकण बसवले, पातळी पुन्हा उणे २२ वर आली. पाऊस त्या दिवशीही धो धो पडत होता.

एक अपवाद मात्र सांगितला पाहिजे. काही वाड्यांवर शेवटचा टप्पा बिनतारी असतो, छपरावर डिश लावलेली असते. त्यात १० गिगाहर्ट्झच्या वरच्या लहरी वापरल्या असतील तर जोरदार पावसाचा त्यांना खरोखर त्रास होतो. पण ते फायबर नव्हे, आणि आपल्याला नेमके काय विकले आहे हे विचारायचा हक्क आपला आहे.

आणि जे नेट रोज रात्री आठ ते अकरालाच मरते, त्याचा पावसाशी काय संबंध? ती गर्दी आहे. आपल्याकडच्या बऱ्याच फायबर जोडण्यांत सुमारे अडीच गिगाबिटची एक वाट ३२ किंवा ६४ घरांत वाटलेली असते, आणि पुढे कंपनीने बाहेरून घेतलेली क्षमता कमी असली तर सगळा गाव एकाच चिंचोळ्या दारातून जातो. चवथीला मुंबई-पुण्याची माणसे घरी आली की ते लगेच जाणवते. तिथे मोठ्या प्लॅनने काय होणार? दार तेवढेच राहते.

काकींच्या घरी एका शनिवारी लॅपटॉप घेऊन बसलो. राउटर पडवीत, विजेच्या मीटरशेजारी. शिकवणी माजघरात, मध्ये चिऱ्याची जाड भिंत. केबल थेट लॅपटॉपला लावली तर २८५ मेगाबिट, माजघरात वायफायवर ९. ५ गिगाहर्ट्झचा वायफाय जवळ वेगवान असतो पण अशा भिंतीपुढे लवकर हरतो, २.४ चा थोडा पुढे जातो, पण सावकाश. तिथे दोष कंपनीचा नव्हता. केबल आत ओढून राउटर माजघरात आणला आणि दिवसाचा प्रश्न मिटला. (केबलवरही आकडा नेमका ९४ च्या आसपास अडकत असेल तर पोर्ट १०० चाच आहे किंवा केबलच्या चारपैकी एखादी जोडी तुटलेली आहे, हेही तपासा.) पण रात्री नऊला केबल लावूनसुद्धा २० च्या वर काही जाईना. हा दोष मात्र कंपनीचा.

'अप टू' लिहिले की कायदा संपतो, हेही खरे नाही. ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, २००६ च्या नियमावलीतच कंपनीच्या केंद्रापासून ग्राहकापर्यंत प्लॅनच्या ८० टक्क्यांहून जास्त वेग मिळावा असा निकष होता. १ ऑक्टोबर २०२४ पासून सेवेच्या दर्जाची नवी नियमावली लागू झाली आहे. जानेवारी २०२३ पासून तर २ मेगाबिटच्या खालच्या जोडणीला ब्रॉडबँड म्हणताच येत नाही.

राहिला "तक्रारीत वेळ घालवू नका" हा सल्ला. फोनवर चिडून बोलणे म्हणजे तक्रार नव्हे, एवढे मान्य. केबल लावून सकाळी सातला आणि रात्री साडेनऊला, असे आठवडाभराचे आकडे तारखेसह लिहा, स्क्रीनशॉट ठेवा, आणि फोन ठेवण्याआधी डॉकेट क्रमांक, म्हणजे तक्रारीचा नोंदणी क्रमांक, मागून घ्या. क्रमांक नसेल तर पुढची एकही पायरी चढता येत नाही. मुदतीत निकाल लागला नाही तर ३० दिवसांच्या आत त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येते. त्याला शुल्क नाही, आणि ३९ दिवसांत निर्णय द्यावा लागतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दूरसंचार सेवेचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि दूरसंचाराच्या तक्रारी ग्राहक आयोग ऐकू शकतो हे सर्वोच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०२२ रोजी सांगितले आहे. सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाख रुपयांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात शुल्क पडत नाही. पर्वरी आणि मडगावला आयोग आहेत, आणि ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्याही तक्रार दाखल करता येते.

काकींनी प्लॅन पुन्हा १०० वर आणला. सात रात्रींचे आकडे जोडून लेखी तक्रार गेली आहे, डॉकेट क्रमांक त्यांच्या कॅलेंडरवर लिहिला आहे. मुदत संपली की अपिलाचा अर्ज आम्ही दोघे मिळून भरणार आहोत.